धरलेले अकरा सेकंद

दुभाष्याच्या कामात एक गोष्ट लवकर कळते. माणूस बोलून थांबला की त्याला वाटतं, झालं, आपलं सगळं पोचलं. मधल्या माणसाच्या डोक्यात त्याचं काय झालं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. महानंदा बिराजदार ही अशीच मधली बाई. सीमेलगतच्या एका न्यायालयात कानडीचं मराठी आणि मराठीचं कानडी करायचं, हे काम ती बावीस वर्षं करत होती. तिच्याआधी तिचे वडील कल्लप्पा चौतीस वर्षं तेच करत होते. नवरा गेल्यापासून ती अप्पांकडेच राहायची. त्या घरात भांडण कानडीत सुरू व्हायचं आणि समेट मराठीत व्हायचा.

आता कुणी म्हणेल, दोन हजार त्रेचाळीस साली दुभाष्या हवाच कशाला? यंत्रं काय झोपलीत? यंत्रं होती की! चांगली दहा वर्षं होती. पण एका खुनाच्या खटल्यात यंत्रानं भलतंच भाषांतर केलं, आणि एका खवट वकिलानं विचारलं, की खोट्या भाषांतराची शिक्षा आता कुणाला द्यायची, वायरला? तेव्हापासून नियम झाला, फौजदारी साक्षीचं भाषांतर शपथ घेतलेल्या माणसानंच करायचं.

त्यात आणखी दोन नियम आले. साक्षीदाराला धोका असेल तर त्याचं नाव कागदावर येणार नाही, नुसता क्रमांक येईल. तो आणि दुभाषी वेगळ्या खोलीत बसतील, कॅमेरा बंद, फक्त आवाज कोर्टात जाईल. आणि साक्षीदाराला मध्ये तोडायचं नाही. तो बोलून पुरा झाला की मगच दुभाष्यानं तोंड उघडायचं, आणि हातात कागद-पेन्सिल घ्यायची नाही. म्हणजे दीड-दोन मिनिटांचं बोलणं जसंच्या तसं डोक्यात धरून ठेवायचं. अप्पा ऐकून म्हणाले, "आमच्या वेळी एकेक वाक्य तोडून घ्यायचो. हे म्हणजे ओंजळीत पाणी धरून विहिरीवरून घरी येण्यातला प्रकार झाला."

सत्तेचाळिसाव्या वर्षी महानंदाची ओंजळ गळायला लागली. एका मंगळवारी साक्षीदारानं वासरू, दावं आणि दोन माणसं सांगितली. महानंदानं वासरू सांगितलं, दावं सांगितलं आणि तिथंच अडकली. दोन माणसं डोक्यातून साफ गेली होती. सरकारी वकील थिटे म्हणाले, "बाई, पुढचं काय वासरानं खाल्लं?" सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश राजोपाध्ये मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला नंतर चेंबरमध्ये बोलावून सांगितलं, "बिराजदारबाई, काहीतरी करा. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

ती घरी येऊन स्वयंपाकघरात रडली. या नोकरीशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं.

*

डॉ. टिल्लू बाईंच्या संस्थेनं तयार केलेल्या उपकरणाचं नाव होतं धृती. कपाळाच्या मागे, कवटीच्या आत, केसाहून बारीक अशा काही तारा. अंगठ्यात एक अंगठी. अंगठी दाबली की धरायचं, सोडली की सोडायचं.

"पण धरायचं म्हणजे काय करायचं?" महानंदानं विचारलं.

डॉक्टरबाई समजावून सांगणाऱ्यांतल्या होत्या. "तुमच्याकडे भजनी मंडळ असेल ना? दोन रांगा समोरासमोर. ही रांग ओळ म्हणते, ती उचलते, परत ही उचलते. एकेका माणसाचा दम संपतो, तो श्वास घेतो, पण ओळ थांबत नाही. डोक्यातही तसंच असतं. एक चेतापेशी एकदा चमकते ती सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापुरती. मग एखादा फोन नंबर आपल्याला दहा सेकंद आठवतो तो कसा? तर पेशी तो एकमेकींना देत राहतात. माकडांवरचे जुने प्रयोग आहेत. पडद्यावर ठिपका दाखवायचा, मग पुसून टाकायचा. ठिपका गेला तरी कपाळामागच्या काही पेशी चमकतच राहतात, माकड उत्तर देईपर्यंत. ठिपका बाहेर नसतो, तो त्या चमकण्यातच असतो."

"आणि माझं भजन मध्येच बंद पडतं."

"बंद पडतं, नाहीतर सूर सरकतो. पेशींमध्ये कुजबुज चालूच असते, कुणी चुकतं, बाहेरचं कुणी मध्येच दुसरी ओळ काढतं. वय वाढलं की रांगेतली काही माणसं गळतात. धृती काय करते, तर अंगठी दाबल्या क्षणी कोण कोण गात होतं ते टिपते आणि त्यांनी एकमेकांना द्यायचं ते स्वतः त्यांना देत राहते. ओळ तुटत नाही, सरकत नाही. आणि मंडपाचं दार लावून घेते, म्हणजे बाहेरच्या कुणाला घुसता येत नाही."

दार लावणं हा डॉक्टरबाईंच्या मते उपकरणाचा सगळ्यात मोठा गुण होता. महानंदालाही तो गुणच वाटला. कोर्टात कुणाचा मोबाईल वाजतो, कुणी खोकतं, त्यानंच तर तिचं निम्मं जायचं.

अप्पांना पटलं नाही. "डोक्यात तारा घालून घेणार? रेडिओ आहेस का तू? अगं, विसरायला होतं म्हणून तर माणूस दुसऱ्यांदा विचारतो. मी अर्धं आयुष्य 'परत सांगा' म्हणण्यात घालवलं. त्या परत सांगण्यातच खरं बाहेर पडायचं."

"अप्पा, आता परत विचारायला परवानगी नाही."

"मग बंद करा म्हणावं कोर्टं," अप्पा म्हणाले आणि पेपरात तोंड घालून बसले.

तिनं शस्त्रक्रिया करून घेतली, आणि काय सांगावं, तिला पंख फुटले. घरी ती पेपरातले उतारे धरून सराव करायची. एकदा अंगठी दाबून अग्रलेख म्हणत असताना अप्पा समोर येऊन चहा मागत उभे राहिले. एकदा मागितला, दोनदा मागितला, तिसऱ्यांदा काठी आपटली. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती आणि अग्रलेख म्हणत होती. तो संपल्यावर तिनं अंगठी सोडली आणि दचकून म्हणाली, "अय्या, तुम्ही कधी आलात?" अप्पा त्या दिवसापासून स्वतःचा चहा स्वतः करू लागले.

कोर्टात तर तिचा दबदबाच झाला. पद्धत ठरून गेली. साक्षीदार थांबला की महानंदा अंगठी दाबायची. मग यंत्र तिची पकड किती घट्ट आहे ते मोजायचं, त्याला बरोबर अकरा सेकंद लागायचे. न्यायाधीशांच्या पडद्यावर हिरवा दिवा लागला की तिनं बोलायचं. बोलणं झालं की त्या साक्षीवर शिक्का बसायचा, 'धृत साक्ष'. पैसे चारून किंवा दमदाटी करून साक्षीदार फितवायचे दिवस त्यामुळे संपले. धृत साक्ष साक्षीदारालाही नंतर फिरवता येत नव्हती, तसा कायदाच झाला होता. फिरवली तर तो फितूर धरला जायचा. तिच्यात चूक आहे असं म्हणायचा अधिकार एकट्या दुभाष्याला होता, कारण त्या खोलीत दुसरं कुणी नसायचं. तीन वर्षांत महानंदावर तशी वेळ एकदाही आली नाही.

थिटे वकील आता तिला लवून नमस्कार करायचे.

*

कडबगट्टी गावात पाण्याच्या टाकीवर सकाळी सातला रेवप्पा पाणी सोडायचा. त्या वर्षी पाणी चार दिवसांआड होतं. खालच्या गल्लीला पाणी येत नाही म्हणून दोन भाऊ भांडायला गेले, थोरला सिद्राम आणि धाकटा मलकारी. बोलाचाली झाली, कुणीतरी तिथं पडलेली पहार उचलली, आणि रेवप्पा जागच्या जागी मेला. दोघं भाऊ तिथं होते हे दोघांनाही कबूल होतं. प्रश्न एवढाच होता, की पहार कुणाच्या हातात होती. सिद्राम गप्प बसला. मलकारी म्हणाला, "मी मारलं नाही." पण मग कुणी मारलं असं विचारलं की तोही गप्प. सख्ख्या भावाचं नाव कसं घेणार? टाकीखाली घागरी लावून बसलेल्या बायकांपैकी एकीनंच नीट पाहिलं होतं. ती साक्षीदार क्रमांक तीन.

सत्तरीची म्हातारी. कपाळाला विभूती, दोन्ही हातांत चांदीच्या जाड पाटल्या आणि त्यांच्यामध्ये स्टीलच्या बांगड्या. मराठी तिला बाजारापुरती. महानंदाला बघून तिला हायसं वाटलं असावं. "आपल्यातलीच आहेस की गं," ती कानडीत म्हणाली आणि खुर्चीत मांडी घालून बसली.

थिट्यांचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून आला. त्यांनी विचारलं, महानंदानं कानडीत सांगितलं, म्हातारीनं पहिल्या दोन-तीन प्रश्नांना व्यवस्थित उत्तरं दिली. मग थिटे म्हणाले, "पहार कुणी मारली? नाव घेऊन सांगा."

म्हातारी जराशी घुटमळली. मग बोलायला लागली. रेवप्पा कसा उर्मटपणे बोलला, थोरला कसा पुढं झाला आणि धाकटा कसा त्याला मागं ओढत होता, मग ओढाताणीत कोण कुठं गेलं, पहार टाकीच्या पायाशी कशी पडली होती, ती उचलताना त्याचा पाय कसा घसरला, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी कशी घातली. "आणि कोण म्हणून काय विचारता? सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यो... मलकारी," असं म्हणून ती थांबली.

महानंदानं अंगठी दाबली.

अकरा सेकंद गेले. हिरवा दिवा लागला. महानंदानं एक शब्द न गाळता सगळं मराठीत सांगितलं, ओढाताण, घसरलेला पाय, दोन्ही हात, आणि शेवटी नाव. पकड शंभर टक्के. म्हातारी ऐकताना मान डोलावत होती.

दोघं भाऊ तिच्याच गल्लीतले, त्यामुळे फोटो दाखवायची कुणाला गरजही वाटली नाही. सिद्राम सुटला. मलकारीला जन्मठेप झाली. ही शिक्षा त्याला कानडीत सांगायचं कामही महानंदाचंच होतं. तिशीतला, हाडापेरानं मजबूत, पण त्या क्षणी अगदी बावळटासारखा दिसणारा माणूस. त्यानं तिला विचारलं, "अक्का, खरंच त्या बाईनं माझं नाव घेतलं?"

"घेतलं," महानंदा म्हणाली. ते खोटं नव्हतं.

*

वीस दिवसांनी सकाळी दुभाष्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर म्हातारी येऊन बसलेली होती. बसभाडं खर्चून एकटी आलेली. महानंदाला बघताच उठली आणि काही विचारपूस न करता म्हणाली, "मलकारीला का नेलं गं?"

"अव्वा, तूच नाव घेतलंस."

"मी नाव घेतलं, आणि लगेच गालात मारून घेतलं नाही का?" म्हातारीनं दोन्ही हात उचलून बोटं आपल्या दोन्ही गालांवर हलकेच आपटली, एकदा, दोनदा, आणि जिभेनं 'च्च' केलं. तोंडून नको ते निघालं, देवा चुकले, असं म्हणायला त्या भागातली लहान-मोठी सगळी माणसं करतात तसं. "तू माझ्याकडे बघतच होतीस की! तुला कळलं असं मला वाटलं. मग तू मराठीत इतकं लांब बोललीस. मला वाटलं, तेच सांगत असशील."

महानंदा बाकावर बसली. "पण मग ज्यानं मारलं त्याचं नाव का नाही घेतलंस?"

म्हातारी तिच्याकडे अशी बघायला लागली, जणू हिला शेंडाबुडखा काही ठाऊक नाही. मग तिनं कनवटीची पिशवी सोडली आणि आपलं आधार कार्ड काढून महानंदाच्या हातात दिलं. गुरुबाई सिद्राम कोळी.

थोरल्या भावाचं नाव सिद्राम. म्हातारीच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव सिद्राम. पन्नास वर्षांत तिनं ते नाव तोंडानं घेतलं नव्हतं. गावात त्या सिद्रामला ती 'मलकारीचा' म्हणायची, पुढचा 'भाऊ' हा शब्द गिळून. वकील नाव नाव करत मागं लागला, नुसतं 'थोरला' म्हणून भागेना, तेव्हा जवळचं नाव तोंडातून निसटलं आणि तिनं गालात मारून घेतलं. तिच्या गावातल्या सहा वर्षांच्या पोरीलाही यातलं सगळं कळलं असतं. महानंदाच्या आईनंही कधी 'कल्लप्पा' म्हटलं नव्हतं, ती दगडाला हात लावून 'हे' म्हणायची, कारण कानडीत कल्लु म्हणजे दगड. न्यायालयाला हे कळायला काही मार्गच नव्हता, तिथं ही बाई नुसती क्रमांक तीन होती.

कळायला हवं होतं ते एकटीला, समोर दोन हातांवर बसलेल्या महानंदाला.

ती आठवायला बसली. म्हातारीचा चेहरा आठवला. पाटल्या आठवल्या. ओढाताण, पहार, दोन्ही हात, नाव, सगळं अक्षरशः आठवलं. पण नावानंतर एकदम हिरवा दिवा. मध्ये काही नव्हतं. पुसट असं काही नव्हतं, की जे ताण दिल्यावर वर येईल. मुळात काही आत गेलंच नव्हतं.

"अव्वा, मी नाही पाहिलं," ती म्हणाली.

"डोळे उघडे होते तुझे," गुरुबाई म्हणाली. त्यात राग नव्हता, तिला खरोखरच समजत नव्हतं. महानंदाला मात्र ते ऐकवेना.

ती त्याच दुपारी डॉ. टिल्लूंकडे गेली. डॉक्टरबाईंनी त्या दिवसाची नोंद काढली. पडद्यावर एक सरळ रेघ होती, कुठंही न थरथरणारी. "इतकी सुंदर पकड आमच्याकडे दुसऱ्या कुणाची नाही," त्या म्हणाल्या. "बघा ना, अकरा सेकंदांत बाहेरचा एक कणसुद्धा आत नाही."

"डॉक्टर, पण डोळ्यांना तर दिसलं असेल ना? कुठंतरी डोक्यात मागं राहिलं असेल?"

"डोळ्यांपासून मागच्या मेंदूपर्यंत गेलं असेल. पण ते धरायला तुमच्याकडे जागा नव्हती. जे क्षणभरही धरलं जात नाही ते साठवलं जात नाही, महानंदाबाई. ते मी कुठून काढून देऊ?" मग त्यांना प्रकरण कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दार लावलं होतं ना आपण."

*

मलकारीची बायको लगमव्वा हिनं गुरुबाईकडून सगळं ऐकून चूक दाखवण्याचा अर्ज केला. अर्जात लिहिलेलं होतं, की दुभाषीबाई स्वतः सांगतील. तिची वकील नवखी मुलगी होती, तिनं महानंदाला सरळच सांगितलं, "तुम्ही पाहिलं म्हणालात तर खटला परत उघडेल. नाही म्हणालात तर काही उरत नाही. गुरुबाईंचं बोलणं कायद्यानं फितुरी आहे."

महानंदानं रात्रीचं जेवण टाकलं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. चौतीस वर्षं शपथेवर जगलेला माणूस, ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते कानडीत म्हणाले, "पाहिलं म्हणून सांग."

"अप्पा! खोटं बोलू?"

"त्या बाईनं गालात मारून घेतलं की नाही?"

"घेतलं. ती कशाला खोटं सांगेल?"

"मग यात खोटं काय आहे? जे झालं तेच तू सांगणार."

"पण मी पाहिलं नाही."

अप्पांनी तिच्या ताटात भाकरीचा तुकडा मोडून ठेवला आणि म्हणाले, "पोरगं आत आहे गं." तीही मग जेवली, रडत रडत जेवली.

सुनावणीच्या दिवशी ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती स्वतःचं बोलणार होती. तिनं शपथ घेतली आणि सांगितलं, "साक्षीदारानं नाव घेतलं आणि लगेच दोन्ही गालांवर बोटं मारून घेतली. आमच्याकडे त्याचा अर्थ, तोंडून चुकीचं निघालं, असा होतो. मी ते पाहिलं. सांगायचं राहिलं."

कोर्टात कुजबुज झाली. नवख्या वकीलबाईंनी त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण लावलं. 'मलकारी' हा शब्द आला, आणि पाठोपाठ शांततेत बांगड्या वाजल्या. किण किण. दोनदा. महानंदानं तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. क्षणभर तिला वाटलं, देव पावला.

थिटे उठले. "बांगड्या या सबंध साक्षीत एकतीस वेळा वाजल्यात, मी मोजल्यात. म्हातारी हात हलवून बोलते. प्रत्येक वेळी नाव बदललं असं समजायचं का?" मग ते तिच्याकडे वळले. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, उलट आदरच होता, आणि तेच वाईट होतं. "बाई, त्या वेळी अंगठी दाबलेली होती?"

"होती."

"अंगठी दाबलेली असताना बाहेरचं काही तुमच्यापर्यंत पोचतं?"

तिनं अंगठीचा हात पदराआड घेतला.

मग डॉ. टिल्लूंना विचारलं गेलं. त्यांनी सरळ रेघ पडद्यावर दाखवली. बोलताना त्यांनी एकदाही महानंदाकडे पाहिलं नाही. "त्या अकरा सेकंदांत बाईंचे डोळे उघडे असतील. पण त्यांनी काही पाहिलं असं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येणार नाही."

"मग त्या खोटं बोलतायत?"

"तसं मी म्हणणार नाही. नंतर कुणी सांगितलेली गोष्ट माणसाला स्वतः पाहिल्यासारखी वाटू शकते. ते प्रामाणिकपणेही होतं."

डॉक्टरबाईंनी तिला वाचवलं होतं, त्यांच्या परीनं. महानंदाला ओरडून सांगावंसं वाटलं, की मला भास झालेला नाही, मी शुद्धीत राहून खोटं बोलले, आणि तरीही गोष्ट खरी आहे. पण यातलं कुठलं वाक्य कुणाच्या कामाचं होतं? पहिलं म्हटलं तर तुरुंग, दुसरं म्हटलं तर पुरावा कुठाय? ती कठडा धरून उभी राहिली.

राजोपाध्ये साहेबांनी चष्मा काढला. निकाल त्यांनी तिथंच सांगितला, सावकाश, आणि मनापासून. मग म्हणाले, "अर्जदाराला तिच्या भाषेत समजावून सांगणं बंधनकारक आहे. दुसरे दुभाषी आज रजेवर आहेत. बिराजदारबाई, तुमची शपथ मी संशयित मानत नाही. तुम्हीच सांगा."

महानंदा पिंजऱ्यातून उतरली आणि लगमव्वासमोर जाऊन उभी राहिली. लगमव्वानं लाल काठाचं नवं लुगडं नेसलं होतं. नवरा आज सुटेल म्हणून कुणीतरी तिला नेसवलं असावं. महानंदानं अंगठी काढून टेबलावर ठेवली. निकाल तिला यंत्राशिवायही पाठ झाला होता.

तिनं कानडीत सांगितलं, की धृत साक्षीत कुठलीही चूक आढळलेली नाही. बांगड्यांच्या आवाजावरून काही सिद्ध होत नाही. साक्षीदार क्रमांक तीन आता जे म्हणते ते कायद्यानं ग्राह्य नाही. दुभाषीबाईंना आपण काही पाहिलं असं वाटतं, पण त्यांनी ते पाहिलेलं नाही. पहार मलकारीनंच मारली हे कायम आहे. तिनं एक शब्द गाळला नाही, एक शब्द मऊ केला नाही. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला, तेवढंच.

"समजलं का त्यांना? विचारा," साहेब म्हणाले.

तिनं विचारलं. लगमव्वा तिच्याकडे बघत काहीतरी बोलली.

"काय म्हणतात?"

महानंदा साहेबांकडे वळली. "त्या म्हणतात, साहेब, समजलं. त्या विचारतात, माझ्या नवऱ्यानं मारलं नाही हे त्या म्हातारीला माहीत आहे, त्याच्या भावाला माहीत आहे, या बाईला माहीत आहे. मग ते तुम्हाला सांगायचं कुणी?"

लेखनिकाची बोटं थांबली. राजोपाध्ये साहेबांनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या कागदांकडे पाहिलं. थिटे खिडकीबाहेर बघत होते.

"पुढचं प्रकरण पुकारा," साहेब म्हणाले.

पट्टेवाल्यानं नाव पुकारलं. लगमव्वाला त्यातलं काही कळलं नव्हतं. साहेबांचे ओठ हललेले तिनं पाहिले होते, म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर आलं होतं. ती पदर सावरून महानंदाच्या तोंडाकडे बघत, ते उत्तर कानडीत ऐकायला उभी राहिली.